दुग्धजीवाणूंमधील ट्रान्सडक्शन

जीवाणुभक्षी विषाणूने एका जीवाणूतील जनुके दुसऱ्या जीवाणूत वाहून नेण्याच्या क्रियेस ट्रान्सडक्शन असे म्हणतात. ही क्रिया नॉर्टन झिंडर व जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये साल्मोनेला जीवाणूत प्रथम दाखवून दिली. चीज, योगर्ट यांसारख्या पदार्थांच्या विरजणातील जीवाणूंच्या संदर्भात तिला विशेष महत्त्व आहे.

'जीवाणुभक्षी' हे नाव काहीसे फसवे आहे. हा विषाणू जीवाणूला खात नाही. त्याच्या पेशीत स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो आणि बहुधा पेशी फोडून बाहेर पडतो. प्रती तयार होताना प्रथिनांच्या कवचात विषाणूचा डीएनए भरला जातो. क्वचित त्याऐवजी जीवाणूच्याच डीएनएचा तुकडा किंवा प्लाझ्मिड त्यात शिरते. असा कण पुढील जीवाणूला चिकटून डीएनए आत सोडतो, परंतु त्यात विषाणूची जनुके नसल्यामुळे तो जीवाणू मरत नाही.

== लॅक्टोकॉकस लॅक्टिस ==

चीजच्या विरजणातील या प्रमुख जीवाणूत लॅक्टोज ही दुधातील साखर वापरण्याची व केसीन या प्रथिनाचे विघटन करण्याची जनुके बहुधा प्लाझ्मिडावर असतात. प्लाझ्मिड पिढ्यांगणिक हरवू शकते आणि मग तोच जीवाणू दूध आंबवण्यास निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सी२ या वाणावर अतिनील किरण सोडून त्यातील सुप्त विषाणू जागृत केले. या विषाणूंमार्फत लॅक्टोज वापरण्याची क्षमता गमावलेल्या जीवाणूंना ती परत मिळाली. त्या वेळी हा जीवाणू स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस या नावाने ओळखला जाई. कवचात जागा मोजकीच असल्याने नव्या पेशीत पोहोचलेले प्लाझ्मिड मूळ प्लाझ्मिडापेक्षा आखूड आढळले. काही पेशींत तर ही जनुके गुणसूत्राला जोडली गेली व तो गुण स्थिर झाला.

योगर्टमधील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्येही विषाणूंमार्फत प्लाझ्मिडाचे वहन प्रयोगाने सिद्ध झाले आहे.

== व्यवहारातील स्थान ==

विरजणाला विषाणूंची बाधा होते, हे न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड व कॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवले. बाधा झाल्यास आम्ल तयार होणे मंदावते आणि टाकीभर दूध वाया जाऊ शकते. म्हणून दुग्धशाळा या विषाणूंना शत्रूच मानतात. मात्र विषाणू नैसर्गिकरीत्या जनुके वाहून नेत असल्यामुळे ट्रान्सडक्शनचा वाण सुधारण्यासाठीही उपयोग होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात पुनःसंयोजित डीएनएचा वापर नसलेले ट्रान्सडक्शन जनुकीय फेरबदलांत गणलेले नाही.