चंचल मन आणि लहरींचा आलेख

नेवाशात मनाच्या चंचलतेविषयी बोलावयाचे, हे थोडे धाडसच होय. मन आवरत नाही, या अर्जुनाच्या गाऱ्हाण्याचा अर्थ इ. स. १२९० मध्ये मराठीत उलगडला गेला तो याच गावी. पण आम्ही येथे ज्या मुलांविषयी सांगणार आहोत, त्यांची चंचलता साधकाची नव्हे. ती वर्गात स्थिर बसू शकत नाहीत, काम अर्ध्यावर टाकतात आणि बहुधा मार खातात. अशा मुलाला औषध लागू पडेल की नाही, हे मेंदूच्या मोजमापावरून आधीच सांगता येईल काय?

मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या त्या जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. पुढे अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी, तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीवर बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. मात्र मुले अभ्यासात रमू लागल्याचे शिक्षकांच्या ध्यानी आले. १९३७ साली ब्रॅडलींनी ३० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ जणांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाली होती. इतरांत तितकी नाही. आपला प्रश्न या फरकातून जन्मला. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र निघाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत का व्हावे? १९७० नंतरच्या काही वर्षांत लॉस एंजेलिसच्या सॅटरफील्ड यांनी असा तर्क मांडला की, या मुलांपैकी काहींचा मेंदू पेंगुळलेला असतो. औषध त्याला जागे करते. म्हणजे ज्याच्या आलेखात मंद लहरी अधिक, त्याला गुण अधिक. तर्क सुरेख होता, परंतु पुढील तपासण्यांत तो सर्वत्र टिकला नाही. मंद लहरी लहान वयातही अधिक असतात आणि झोप आली तरी वाढतात. शिवाय शंभर मुलांच्या सरासरीत दिसणारा फरक समोरच्या एका मुलाविषयी निवाडा देत नाही. २०१३ साली अमेरिकन सरकारच्या औषध-नियामक खात्याने लहरींचे प्रमाण मोजणाऱ्या एका यंत्रास मान्यता दिली, तीही केवळ निदानास साहाय्य म्हणून. आणि २०१६ साली तेथील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने निदानासाठीही त्या प्रमाणावर विसंबू नये, असे बजावले.

मग डॉक्टर आज काय करतात? अल्प मात्रेने आरंभ करतात, ती हळूहळू वाढवितात आणि घरच्यांस व शिक्षकांस विचारतात. अशा औषधांच्या परीक्षेसाठी कीथ कॉनर्स यांनी १९६९ साली प्रश्नावली सिद्ध केली, तीही शिक्षकांनी भरावयाची. उद्या एखादा आलेख अचूक भाकीत करीलही. त्या शोधास आमचा विरोध नाही. तोवर मात्र, छडी बाजूला ठेवून मुलाकडे नीट पाहणारा गुरुजी आणि दिवसाची नोंद ठेवणारी आई, यांच्या साक्षीवाचून कोणत्याही डॉक्टरचे भागत नाही.