पाळण्यांतले पाय आणि तराजूंतलें वजन

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, असें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटलें जातें. पालघरहून मनोरकडे जातांना लागणाऱ्या, सूर्या नदीच्या परिसरांतील मासवणसारख्या गांवीं मात्र पाळण्यापूर्वीं तराजू पाहावा लागतो. तान्हें मूल अडीच किलो भरलें, कीं परिचारिकेच्या मनावरचें ओझें उतरतें. कमी भरलें, तर काळजीस प्रारंभ होतो. ही काळजी तें जगेल कीं नाहीं एवढ्यापुरतीच नसते. तें पुढें शाळेंत कसें बसेल, चारचौघांत कसें वागेल, हाहि प्रश्न त्याच तराजूंत असतो.

अडीच किलोची ही रेषा फिनलंडमधील बालवैद्य आर्वो इल्प्यो यांनीं १९१९ च्या सुमारास आंखली. त्या रेषेखालील सर्वच मुलें पुढें बराच काळ अपुऱ्या दिवसांचीं मानलीं गेलीं. परंतु पूर्ण दिवस भरूनहि कित्येक मुलें लहान जन्मतात, हें ध्यानीं आल्यावर १९६१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं अशा मुलांस 'कमी वजनाचीं' म्हणावें असें सुचविलें. भेद शब्दाचा दिसतो. पण त्यामुळें विचार करणाऱ्यांची दृष्टि केवळ दिवसांच्या हिशेबावरून आईच्या ताटाकडे व तिच्या कष्टांकडे वळली.

महाराष्ट्रांत या विचारास पुण्यानें बळ दिलें. १९९३ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळील सहा गांवांतील स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील पूर्ण दिवसांच्या मुलांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. ज्या माता हिरवा भाजीपाला व फळें अधिक वेळां खात, त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरदार होतीं. ज्यांना अतिशय कष्टाचें काम पडे, त्यांचीं लहान होतीं. ज्या आईस लावणीच्या दिवसांत चिखलांत वांकून राबावें लागतें व डोक्यावरून पाणी आणावें लागतें, तिला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्यापूर्वींच, १९८७ ते १९८९ या काळांत, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतून घरीं गेलेल्या दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी यांनीं घेण्यास आरंभ केला होता. बाराव्या वर्षीं या मुलांची बुद्धि सामान्य मर्यादेंत आढळली, तरी इतर मुलांच्या मानानें ती कांहींशी कमी होती. डोळा व हात यांचा मेळ, लेखन आणि गणित यांत त्यांना विशेष अडचण पडे. इतर देशांतील अभ्यासांतहि अशा मुलांमध्यें चंचलपणा व लक्ष न लागणें अधिक प्रमाणांत दिसून आलें आहे.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. सरासरी म्हणजे एकेका मुलाची जन्मपत्रिका नव्हे. ज्याचा हात पाटीवर हळू चालतो, त्यास आपण आळशी म्हणतों. जें जागेवर स्थिर बसत नाहीं, त्यास द्वाड ठरवितों. मुलाच्या अंगच्या उणिवेस असा दुर्गुणाचा शिक्का बसला, म्हणजे मूल मनानें खचतें, आणि त्यास खचविणारे मोठेच असतात.

उपाय आहेत, आणि त्यांतील कांहीं अगदीं साधे आहेत. कोलंबियांतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं अशक्त बाळें आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरून ठेवण्याची पद्धति सुरू झाली. अशीं वाढलेलीं मुलें वीस वर्षांनीं कमी चंचल व कमी आक्रमक आढळल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. आईची ऊब व आईचें दूध कोणत्याहि झोपडींत मिळूं शकतें. आईला मात्र पोटभर अन्न व विसांवा मिळाला पाहिजे. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांकरितां अमृत आहार योजना सुरू केली, ती याच हेतूनें.

शाळेनें काय करावें, याचा धडा याच जिल्ह्यानें पूर्वीं दिला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काढलेलें ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांस दोष न देतां शाळाच कुरणांत नेली. मूल शाळेजोगें नसेल तर शाळा मुलाजोगी करावी, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. पाळण्यांत पाय दिसोत वा न दिसोत, ते पुढें कोठें पडतील हें बरेचसें पाळणा हलविणाऱ्या हातांवर आणि त्या हातांना समाज काय देतो यावर अवलंबून असतें.