भिंतीच्या पोटातील राजलेख

आपल्याकडे इमारतीची कोनशिला बसवितात ती रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे समारंभ कोणाच्या शुभहस्ते पार पडला हे येणाऱ्याजाणाऱ्यास विनासायास कळावे. परंतु टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या दुआबात राज्य करणारे प्राचीन सुमेरी राजे देवालय उभारीत, तेव्हा आपले नाव, दैवताचे नाव आणि आपण काय बांधले याचा दाखला भाजलेल्या मातीवर, दगडावर वा तांब्यावर कोरवून तो भिंतीच्या पोटात किंवा पायाखाली अशा बेताने ठेवीत, की इमारत एकदा पुरी झाली म्हणजे तो कोणाही हयात माणसाच्या दृष्टीस पडू नये. एवढ्या यत्नाने लिहून जे मुद्दाम दडवायचे त्याचे वाचक दोनच संभवत होते: एक ज्याला ते अर्पण केले तो देव, आणि दुसरा, अद्याप जन्मास न आलेला एखादा राजा.

या वहिवाटीचा सर्वांत संपन्न नमुना म्हणजे लगशचा अधिपती गुडेआ. इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास त्याने गिर्सू नगरात निंगिर्सू देवाचे एनिन्नू नावाचे देवालय नव्याने बांधले. आज त्या जागी दक्षिण इराकातील तेल्लोच्या टेकड्या आहेत, आणि बसऱ्याचे फ्रेंच उपवकील एर्नेस्त द सार्झेक यांनी १८७७ मध्ये तेथे कुदळ चालविली तेव्हापासून गुडेआचे जणू सारे दप्तरच हाती लागत गेले. मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर लिहिलेल्या त्याच्या स्तोत्रात राजाला पडलेले स्वप्न आहे. त्याचा उलगडा करून घेण्यासाठी नावेतून नांशे देवीकडे केलेला प्रवास आहे. आणि पहिली वीट राजाने स्वहस्ते साच्यात घातल्याचे सविस्तर वर्णन आहे. सामग्री आणविली ती मगन आणि मेलुह्हापर्यंतच्या मुलखांतून. मगन म्हणजे आजचे ओमान आणि मेलुह्हा म्हणजे आपला सिंधूकाठ, असे बहुतेक पंडितांचे मत आहे. काम चालू असता नगरात कोणावर चाबूक उगारला गेला नाही, आईनेदेखील मुलाला मारले नाही, असे गुडेआच्या एका पुतळ्यावर कोरलेले आहे. राजाच्या पदरी असलेल्या लेखनिकाच्या या ग्वाहीवर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न वेगळा. पण देवाचे घर बांधताना घरोघरी शांतता नांदावी, ही अपेक्षा तरी तीत स्पष्ट दिसते.

या साऱ्या वैभवात मला अधिक मोहविते ती मात्र मातीची एक साधी खुंटी. वीतभरही लांब नसलेली, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला अळंबीसारखा पसरट माथा असलेली ही खुंटी ओली असतानाच तिच्या अंगावर कीलाकार अक्षरांच्या ओळी उमटवीत, आणि मग ती भाजून देवालयाच्या भिंतीत ठोकीत. हातात घेऊन ती फिरवीत गेले की एनलिल देवाचा पराक्रमी वीर जो निंगिर्सू, त्याच्यासाठी लगशच्या गुडेआने एनिन्नू बांधून पूर्ववत स्थापिले, एवढाच मजकूर पुरा होतो. असल्या खुंट्या इतक्या घडविल्या गेल्या, की जगातील अनेक संग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात. पायातील ठेव मात्र मोजकी आणि मोलाची असे. ऊरचा राजा ऊर-नम्मू (इ. स. पू. २११२–२०९५) याने निप्पूरच्या देवालयांखाली पुरलेल्या ताम्रमूर्तींत खुद्द राजाच डोक्यावर मातीची पाटी घेऊन मजुराच्या रूपाने उभा आहे. प्रजेला हे रूप दाखविण्याची त्याला गरज वाटली नाही. देवाला ते दिसले म्हणजे झाले.

दुसऱ्या वाचकाशी अधिक मोकळेपणाने बोलले ते असुरियाचे राजे. पुढे कधी हे मंदिर जीर्ण होईल, तेव्हा त्या वेळच्या राजाने माझा लेख तेलाने माखावा, बळी अर्पण करावा आणि लेख जागच्या जागी ठेवावा, अशी त्यांची विनंती असे. आणि विनंती न मानणाऱ्यासाठी शापांची जंत्री तयार असे.

असा वाचक खरोखरच लाभला, तो बाबिलोनचा अखेरचा स्वतंत्र राजा नबोनिडस (इ. स. पू. ५५६–५३९) याच्या रूपाने. सिप्पार येथील सूर्यदेवाचे मंदिर आधीच्या नेबुखद्नेझर राजाने बांधून पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच्या भिंती खचल्या; मूळ पाया न सापडताच काम केल्याचे हे फळ, असा निर्णय करून नबोनिडसने अठरा हात खोल खणविले, आणि अक्कडचा प्राचीन राजा नराम-सिन याचा पाया त्याला सापडला. हा पाया ३,२०० वर्षे कोणी पाहिला नव्हता असे तो मोठ्या अभिमानाने नमूद करतो. वास्तविक ते अंतर सतराशे वर्षांच्या आसपास होते, आणि ज्या नराम-सिनला तो सार्गोनचा पुत्र म्हणतो तो त्याचा नातू होता. पण कालगणनेत चुकलेला हा राजा शिष्टाचारात चुकला नाही: जुना लेख त्याने तेलाने माखला, बळी दिला आणि आपल्या लेखाशेजारी तो परत ठेवला, नवे बांधकाम जुन्या पायाच्या बोटभरही आत वा बाहेर जाऊ दिले नाही.

नबोनिडसचे स्वतःचे लेख ज्यांच्या हाती आले त्यांना तेलाची आठवण झाली नाही. १८५४ मध्ये जे. जी. टेलर यांनी तेल-अल-मुकय्यर येथील मनोऱ्याच्या वरच्या टप्प्याचे कोपरे फोडले, तेव्हा त्याचे मृण्मय दंडगोल बाहेर पडले. त्यांत मनोऱ्याच्या मूळ कर्त्याचे, म्हणजे ऊर-नम्मूचेच, नाव होते, आणि ती टेकडी म्हणजेच ऊर नगर हे त्यांवरून ठरले. ते वाचणारे हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई पलटणीत दाखल झालेले, आणि त्या वेळी बगदादचे रेसिडेंट होते. असुर नगरातील तिग्लथ-पिलेसर पहिला याच्या पायालेखाचे तर १८५७ मध्ये रॉलिन्सनांसह चौघा पंडितांनी स्वतंत्रपणे भाषांतर करून ते बंद लखोट्यांत धाडले. लखोटे उघडले तेव्हा त्यांचा आशय पुष्कळसा जुळला, आणि ही कीलाकार लिपी वाचता येते यावर जगाचा विश्वास बसला. लेख गेले ते संग्रहालयांत.

गुडेआच्या खुंट्यांपैकी तीन मे २००३ मध्ये लंडनमध्ये पोलिसांनी एका व्यापाऱ्याकडून इतर पाच पुरातन वस्तूंसह जप्त केल्या. त्या कोठून आल्या याचा एकही कागद त्याला दाखविता आला नाही. पण खुंटीच्या अंगावर देवाचे, राजाचे आणि देवालयाचे नाव लिहिलेले होते, आणि ब्रिटिश म्युझियमची मंडळी तेल्लो येथे उत्खनन करीत असता तसल्याच खुंट्या एनिन्नूच्या भिंतीत सापडल्या, लुटारूंनी पाडलेले खड्डेही दिसले. मालकीचा प्रश्न त्यावर निकालात निघाला. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व आठ वस्तू इराकच्या लंडनमधील वकिलातीच्या ताब्यात देण्यात आल्या.