आम्ल, आम्लारी आणि क्षार : संज्ञांचा तौलनिक इतिहास

शास्त्रीय परिभाषा ही अर्थदृष्ट्या तटस्थ असते, तिचे भाषांतर म्हणजे केवळ शब्दाला शब्द देणे होय, असा एक समज भाषांतरमीमांसेत आढळतो. रसायनशास्त्राच्या प्रारंभिक पाठातील तीन-चार संज्ञांच्या आधारे या समजाची तपासणी करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम 'क्षार' ही संज्ञा घेऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात वनस्पतींच्या राखेपासून क्षार सिद्ध करण्याची कृती आली आहे. त्याचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे भेद सांगितले असून तो लोखंडी कुंभात साठवावा, त्याचा दाह आम्ल द्रव्याने शमवावा, असे म्हटले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (पहिला खंड, १९०२) या प्रक्रियेची आवर्जून दखल घेतली. 'अल्कली' हा अरबी मूळाचा शब्दही राखेशीच नाते सांगतो. दोन परंपरांत संज्ञेचा उगम असा एकाच द्रव्यात सापडतो.

आधुनिक भाषांत मात्र वाटा फुटल्या. हिंदीत क्षार म्हणजे आम्लाचा प्रतिपक्षी आणि दोहोंच्या संयोगातून होणारे ते लवण. मराठी पाठ्यपुस्तकांत प्रतिपक्षी तो आम्लारी आणि संयोगातून निपजणारा तो क्षार. महाराष्ट्रातून हिंदी माध्यमात गेलेल्या विद्यार्थ्याला तोच शब्द समीकरणाच्या डावीकडे भेटतो. त्याच्या पूर्वीच्या पुस्तकात तो उजवीकडे होता. विशेष म्हणजे मराठी स्वयंपाकघराने जुना अर्थ सोडलेला नाही. 'पापडखार' हा आम्लारिधर्मीच आहे. 'क्षारपड जमीन' या प्रयोगात मात्र लवणाचा अर्थ बलवत्तर आहे. एकाच भाषेत तत्सम आणि तद्भव रूपे अशी दोन सिद्धांतांच्या बाजूंनी उभी राहतात.

दुसरे उदाहरण ऑक्सिजनचे. लाव्हाझियेच्या मते प्रत्येक आम्लाचे मूळ या वायूत होते, म्हणून १७८७च्या फ्रेंच नामपद्धतीत त्याला 'आम्लजनक' या अर्थाचे नाव मिळाले. १८१०मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो, हे स्पष्ट झाले. सिद्धांत गेला, नाव राहिले. जर्मन भाषेने आणि 'अम्लजान' म्हणणाऱ्या बंगालीने तो प्रमाद अर्थासह उचलला. मराठीतील 'प्राणवायू' त्यातून सुटला, परंतु त्याने पंचप्राणांच्या विचारातील एक संज्ञा निराळ्या कामाला जुंपली. रघुवीर यांनी 'जारक' हा शब्द घडवून तिसरा मार्ग सुचविला, तो रुळला नाही.

आम्लाचे लक्षण चवीत नाही आणि घटकद्रव्यातही नाही, तर वर्तनात आहे, ही जाणीव पुढील शतकात स्थिरावली. तीत अभिक्रियेच्या वेगाच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. १८५०मध्ये विल्हेल्मी यांनी आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन किती वेगाने होते, हे ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने मोजले. वेग शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. पुढे ऑस्टवाल्ड यांनी आम्लांची तीव्रता अशा वेगांवरून ठरविली आणि ती अऱ्हेनियस यांच्या विद्युत्‌वाहकतेच्या निरीक्षणांशी जुळली. आम्लाचे सामर्थ्य आता घड्याळावर वाचता येऊ लागले.

१९२३मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी स्वतंत्रपणे प्रोटॉन देणारे ते आम्ल, घेणारे ते आम्लारी, अशी व्याख्या केली. या व्याख्येत दोन्ही पदे परस्परसापेक्ष आहेत आणि पाणी प्रसंगानुसार दोन्ही भूमिका बजावते. रूएल यांनी १७५४मध्ये रूढ केलेल्या 'बेस' या शब्दात लवणाचा 'पाया' अभिप्रेत होता, हे सापेक्षत्व नव्हते. 'आम्लारी' या समासात ते आहे, कारण आम्लावाचून त्याला अर्थच नाही. त्यातील 'अरि' मात्र अपुरा ठरतो. प्रोटॉन दिल्यावर आम्लाचे जे उरते, तेच त्याचे आम्लारी. हा संबंध वैराचा नसून जोडीचा आहे.

तात्पर्य, परिभाषा स्वीकारताना प्रत्येक भाषा नकळत एखाद्या सिद्धांताची बाजू घेते. तो सिद्धांत मागे पडला तरी शब्द वर्गात शिकविला जातच राहतो. तौलनिक अभ्यासकाने पाठ्यपुस्तकाकडेही साहित्यकृतीइतक्याच गांभीर्याने पाहावे, ते यासाठी.