स्वमग्न मुलांमधील धडाचे स्थैर्य आणि तोल

हातपाय हालत असताना कणा व कंबर सावरून धरण्याची पोट, पाठ आणि ओटीपोटाच्या स्नायूंची क्षमता म्हणजे धडाचे स्थैर्य होय. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या अनेक मुलांमध्ये ही क्षमता व तोल सांभाळण्याचे कौशल्य समवयस्कांपेक्षा उशिरा विकसित होते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींच्या आधारे स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले. उचलून घेताना बाळ अंग सावरून सज्ज होत नाही, हे बहुतेक मातांच्या लक्षात आल्याचे त्यांनी तेव्हाच नमूद केले होते. निदानाचे प्रचलित निकष मात्र सामाजिक संवाद आणि तोचतोपणा असलेले वर्तन यांवर आधारलेले असल्याने शरीराच्या ठेवणीकडे सहसा दुर्लक्ष होते. बाकावर मान टाकून बसणारे किंवा शेजाऱ्यावर रेलणारे मूल वर्गात आळशी वा खोडकर ठरते. वस्तुतः धड स्थिर नसल्यास पेन्सिल धरणारा हातही लवकर थकतो.

कारणे

अंतर्कर्ण, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून आलेल्या संवेदनांची मेंदूत सांगड घातली जाते, तेव्हा तोल साधतो. नॅन्सी मिनश्यू व सहकाऱ्यांनी २००४ साली ५ ते ५२ वर्षे वयाच्या व्यक्तींचा अभ्यास केला. पायांखालून मिळणाऱ्या संवेदना अविश्वसनीय केल्या असता स्वमग्न व्यक्तींचा तोल अधिक ढळत असल्याचे त्यात आढळले. त्यांच्यातील सुधारणा सुमारे १२ व्या वर्षापर्यंत सुरूच झालेली दिसली नाही.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसर

या शहरांत लोकल हे रोजच्या प्रवासाचे साधन असल्याने अशा मुलांची अडचण ठळकपणे जाणवते. पुलाचे जिने, फलाट व डबा यांमधील फट, हेलकावणारा डबा आणि गर्दीचे धक्के यांत शरीर सतत सावरावे लागते. अशा वेळी मूल खाली बसले, तर तो हट्टच असतो असे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्या व शासकीय शाळांमधील मुलांची तपासणी होते. विकासातील विलंब हा तिचा एक भाग आहे. ठाणे महानगरपालिका विशेष मुलांसाठी ‘जिद्द’ ही शाळा चालवते.

व्यायाम

भौतिकोपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञ मोठ्या चेंडूवर बसणे, रांगणे, झोपाळा, सेतुबंधासन यांचा वापर करतात. लंगडी हा उत्तम व्यायाम असला, तरी एका पायावर उभे राहणे जमण्याआधी तिचा आग्रह धरू नये. दोन्ही पायांनी उड्या मारण्यापासून आरंभ करणे बरे. या व्यायामांनी स्वमग्नता बरी होत नाही. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण अधिक असल्याने फिट येणाऱ्या मुलास झोपाळ्यावर बसवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.