सीझर गेला, मग पुढे काय? जुन्या फ्रँचायझीत नवी पात्रं कशी आणतात

2024 मध्ये ‘किंगडम ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ बघायला पुतण्याला घेऊन गेलो होतो. पार्किंगच्या भानगडीत आमची पहिली पाच मिनिटं चुकली. इंटरव्हलला त्याने विचारलं, "काका, यात सीझर कधी येणार?" म्हटलं, येणार नाही. तो 2017 च्या भागात मेला, आणि आज चुकलेल्या पाच मिनिटांत त्याचा अंत्यविधीच होता. त्यावर तो म्हणाला, "पण तो कॉम्प्युटरवरच बनवलेला ना? मग परत बनवायचा!"

प्रश्न बिनतोड आहे. त्याचंच उत्तर आज बघूया.

फ्रँचायझी म्हणजे एकाच कल्पित जगात घडणाऱ्या सिनेमांची मालिका. मूळ नायक संपला की निर्मात्यांपुढे तीन-चारच वाटा उरतात. सगळं पुसून पहिल्यापासून सांगायचं, याला रीबूट म्हणतात. जुन्या कलाकारांच्या हातून नव्यांकडे सूत्रं द्यायची, जसं 2015 च्या ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’मध्ये झालं. नाहीतर काळ पुढे ढकलून त्याच जगात पूर्णपणे नवी माणसं आणायची. (इथे माकडं म्हणा हवं तर.) शेवटची वाट सगळ्यात धोक्याची, कारण ओळखीचा एकही चेहरा पोस्टरवर नसतो.

गंमत म्हणजे ही मालिका हा खेळ पहिल्यापासून खेळत आलीय. पियेर बूल या फ्रेंच लेखकाच्या 1963 च्या कादंबरीवरून 1968 मध्ये पहिला सिनेमा आला. नायक होता चार्ल्टन हेस्टन. त्याला दुसऱ्या भागात यायचंच नव्हतं. शेवटी छोट्या भूमिकेला तयार झाला, पण आपलं पात्र मारून टाका या अटीवर! 1970 च्या त्या भागात पात्र तर मेलंच, वर बॉम्ब फुटून अख्खी पृथ्वीसुद्धा संपली. आता पुढचा भाग काढायचा कसा? 1971 मध्ये पटकथाकाराने तीन चिंपांझींना जुन्या अंतराळयानात बसवून काळात मागे, म्हणजे थेट 1973 सालात पाठवलं. कथा पुन्हा सुरू. हा जुगाड मला आजही आवडतो.

हे जमलं याचं एक कारण मुखवटे. जॉन चेंबर्स यांनी फोम रबरचे तुकडे चेहऱ्यावर चिकटवून माकडं घडवली आणि त्यासाठी त्यांना मानद ऑस्कर मिळालं. रॉडी मॅकडॉवलने आधी कॉर्नेलियस केला आणि नंतरच्या भागांत त्याचाच मुलगा सीझर. मधल्या एका भागात तो नव्हता, तर कॉर्नेलियस दुसऱ्या नटाने केला.

2011 पासून मुखवट्याची जागा परफॉर्मन्स कॅप्चरने घेतली. नट अंगावर खुणा असलेला घट्ट सूट घालतो. बरेच कॅमेरे त्या खुणांची जागा क्षणाक्षणाला टिपतात आणि त्यावरून कॉम्प्युटरमधला सांगाडा हलतो. डोक्यावरच्या पट्ट्याला चेहऱ्यासमोर बारीक कॅमेरा असतो. तो गालावर, भुवयांवर, ओठांभोवती काढलेल्या ठिपक्यांची हालचाल नोंदवतो. नंतर तोच शॉट नटांशिवाय पुन्हा घेतात, म्हणजे माणूस पुसून तिथे चिंपांझी बसवणं सोपं जातं. पहिल्या नव्या भागापासून न्यूझीलंडच्या वेटा कंपनीने हे काम बंद स्टुडिओतून प्रत्यक्ष लोकेशनवर आणलं.

पण खरी मेहनत पुढे आहे. माणसाचा जबडा आणि चिंपांझीचं पुढे आलेलं तोंड यांचा मेळ बसत नाही. नट किंचित हसला तर चिंपांझीचे ओठ किती हलायचे, हे ॲनिमेटरला ठरवावं लागतं. भाव नटाचा, कातडी कॉम्प्युटरची. म्हणजे सीझर हा अँडी सर्किसचा अभिनय होता. मॉडेल वेटाच्या कॉम्प्युटरवर असेलही, पण त्यात जीव ओतणारा माणूस लागतोच.

दिग्दर्शक वेस बॉलने म्हणूनच (असं मला वाटतं) सीझरला हात लावला नाही. कथा कित्येक पिढ्या पुढे नेली. नायक नोआ, नट ओवेन टीग. नोआला सीझरचं नावही ठाऊक नाही! उलट खलनायक प्रॉक्सिमस हे नाव स्वतःला लावून त्याच्या शिकवणीचा सोयीस्कर अर्थ काढतो. जुना नायक पडद्यावर नाही, पण त्याच्या नावावरून भांडण चालू आहे. सर्किस सल्लागार म्हणून सोबत होता, पडद्यावर नव्हता.

आता उलटी बाजू. 2016 च्या ‘रोग वन’मध्ये पीटर कुशिंगचा चेहरा गाय हेन्री या नटावर डिजिटल रीतीने बसवला. कुशिंग 1994 मध्येच वारले होते. ‘एलियन: रोम्युलस’मध्ये (2024) नवी तरुण पात्रं छान उभी राहिली होती, तरी 2020 मध्ये वारलेल्या इयन होम यांचा चेहरा एका अँड्रॉइडला दिला. कुटुंबाची संमती होती, पण अनेकांना तो चेहरा खटकला. मलाही. तो समोर आला की गोष्ट सुटते आणि आपण ओठ नीट हलतायत का ते बघत बसतो.

मुद्दा फक्त दिसण्याचा नाही, पोटाचाही आहे. जुने चेहरे फुकटात वापरता आले तर नव्या नटाला संधी देईल कोण? 2023 मध्ये हॉलिवूडच्या नटांची संघटना 118 दिवस संपावर होती. त्यातली एक मोठी मागणी हीच होती: नटाची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर त्याची संमती घ्या आणि पैसे द्या. करारात तशी कलमं आली. पण संमती मिळाली म्हणून वापरावंच का, हे शेवटी दिग्दर्शकाच्या हातात.

कुठून सुरू करू, असं विचाराल तर ‘किंगडम’ थेट बघितला तरी अडत नाही. फक्त पहिली पाच मिनिटं चुकवू नका. पुतण्याला मी आता 2011 चा भाग दाखवलाय. सध्या त्याची तक्रार अशी, की यात नोआ कुठेय?