जपानी भयकथा : भीतीला कारण नसतं तेव्हा



या मालिकेत आपण एरवी लढाया, मोहिमा आणि सेनापती यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण भुवया उंचावतील. आज बोलायचं आहे जपानी भयकथांबद्दल, आणि त्याही चित्रांमधून सांगितलेल्या. जपानमध्ये चित्रकथेला मांगा म्हणतात. तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं कुणी असेल, मग घर पुण्यात असो, इंदुरात, बडोद्यात की बंगळुरूत, त्याला जुन्जी इतो हे नाव विचारून पाहा. बहुतेक ओळखीचं निघेल.

तीस-चाळीस पानांची, काळ्यापांढऱ्या चित्रांची गोष्ट. वाचायला पंधरा मिनिटं पुरतात, पण मनातून ती पंधरा दिवस जात नाही. वाचताना आनंद होत नाही, तरी दुसरी गोष्ट उघडावीशी वाटते. असं का होतं? मी फौजी माणूस, त्यामुळे मला याचं एक उत्तर जपानच्या लष्करी इतिहासात दिसतं. ते आज मांडतो.

सुरुवात जुन्या काळापासून करू. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानमध्ये शंभर गोष्टींचा एक खेळ होता. त्याचं नाव ह्याकुमोनोगातारी. रात्री माणसं जमायची, शंभर वाती पेटवायची आणि एकेकाने भुताची गोष्ट सांगायची. गोष्ट संपली की एक वात विझवायची. शंभरावी वात विझली की काळोखात खरंच काहीतरी प्रकट होईल, अशी समजूत. म्हणून बरेच जण नव्व्याण्णवावर थांबत. हा खेळ सामुराईंच्या धैर्यपरीक्षेतून निघाला असं मानतात. आमच्याकडच्या नव्या रंगरुटाला रात्री एकट्याला पहाऱ्यावर उभं करतात, तसंच काहीसं.

त्या काळातल्या भुतांचा हिशेब मात्र स्पष्ट असे. 1825 साली रंगभूमीवर आलेल्या ‘योत्सुया काइदान’ या गाजलेल्या नाटकात ओइवा नावाची स्त्री नवऱ्याच्या दगलबाजीमुळे मरते आणि सूड घेण्यासाठी परत येते. आपल्या हडळीसारखं, मुंजासारखंच. काहीतरी अन्याय झाला, काहीतरी इच्छा अपुरी राहिली, म्हणून भूत झालं. कारण सापडलं की उतारा सापडतो. आपल्या नारायण धारपांच्या कथांत तर संकट कितीही अघोरी असलं तरी समर्थ येतील हा भरवसा असायचा.

आजच्या जपानी भयकथेत हा भरवसा उरलेला नाही. तिथे माणसाने काही केलेलं नसतं, तरी त्याच्या वाट्याला ते येतं. मधल्या काळात काय घडलं, हे पाहायचं तर एका शिपायाची ओळख करून घ्यायला हवी.

त्याचं नाव शिगेरू मिझुकी. जन्म 1922. बालपण समुद्रकाठच्या साकाइमिनातो गावात गेलं. तिथे एक म्हातारी त्याला गावोगावच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला आणि न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलच्या आघाडीवर गेला. आपण जपानी सैनिक ओळखतो तो 1944 च्या इंफाळ-कोहिमाच्या लढाईतून. मराठा पलटणींनीही त्या मोहिमेत त्याच्याशी झुंज घेतली. आपल्या मनातला तो जपानी सैनिक म्हणजे मरेपर्यंत जागा न सोडणारा. मिझुकी तसा नव्हता. पहाटेच्या पहाऱ्यावर तो दुर्बिणीतून पोपट पाहत बसला होता. तेवढ्यात हल्ला झाला आणि त्याच्या छोट्या तुकडीतले साथीदार मारले गेले. तो एकटा जंगलातून, समुद्रातून वाट काढत तळावर पोहोचला. तिथे त्याचं स्वागत झालं ते ‘सगळे मेले, मग तू जिवंत कसा?’ अशा अर्थाच्या फटकाऱ्याने. पुढे मलेरियाने आजारी पडलेला असताना विमानहल्ल्यात त्याचा डावा हात गेला.

जपानी सैन्यात तेव्हा एक शब्द रूढ झाला होता, ग्योकुसाई. शब्दशः अर्थ, रत्नाचा चुरा होणं. 1943 साली अट्टू बेटावरची जपानी तुकडी जवळपास संपूर्ण मारली गेली, तेव्हा सरकारने तिच्या नाशाला हे नाव दिलं. पराभव म्हणायचा नाही, तुकडी संपली म्हणायचं नाही, रत्न फुटलं म्हणायचं. मंडळी, फौजेत शब्दांना फार वजन असतं. असा सुंदर शब्द सापडला की त्याच्याआड काहीही लपवता येतं.

1973 साली मिझुकीने यावर ‘सोइन ग्योकुसाई सेयो’ हे चित्रकथेचं पुस्तक लिहिलं. त्यात एक तरुण अधिकारी आपल्या माणसांना मरणाच्या हल्ल्यावर नेतो. काही जण वाचतात. पण मुख्यालयाने ‘सगळे वीरगतीला प्राप्त’ असा अहवाल आधीच वर पाठवलेला असतो. आता अहवाल खरा ठरायला हवा. म्हणून वाचलेल्यांना पुन्हा मरायला पाठवलं जातं. हे पुस्तक नव्वद टक्के सत्य आहे, असं मिझुकीने म्हटलं होतं. यात भूत एकही नाही. तरीही माझ्या दृष्टीने ही जपानी चित्रकथेतली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

हाच मिझुकी युद्धानंतर उरलेल्या एका हाताने भुतांची चित्रं काढून जगला. आधी रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्टी सांगणाऱ्यांसाठी, मग भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी, मग मोठ्या मासिक-साप्ताहिकांसाठी. त्याचा नायक कितारो स्मशानात जन्मलेला एकाक्ष मुलगा. तो भुतांच्या वंशातला शेवटचा, आणि भुतं व माणसं यांच्यात समेट घडवणारा. मिझुकीची भुतं मिश्कील असतात, प्रेमळही असतात. त्याच्या जगात राक्षसांपेक्षा हुकूम अधिक घातक. 2015 मध्ये, 93 व्या वर्षी तो गेला. साकाइमिनातोत त्याच्या नावाच्या रस्त्यावर आज त्याच्या भुतांचे शंभराहून अधिक ब्राँझचे पुतळे उभे आहेत.

त्याच्यानंतरच्यांनी उरलीसुरली मिश्किली काढून टाकली. काझुओ उमेझूच्या 1972 ते 74 मधल्या ‘ह्योर्यू क्योशित्सु’ या मालिकेत अख्खी शाळा एका उजाड भविष्यकाळात फेकली जाते. तिथे आधी कोसळतात ती मोठी माणसं, शिक्षक. मुलांना स्वतःच उभं राहावं लागतं. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा तेच आधी ढासळले, हा अनुभव त्या पिढीच्या देशाला नवा नव्हता.

याच उमेझूच्या नावाने भयकथांची एक स्पर्धा होती. 1987 साली तिथे दंतवैद्यकातल्या एका तंत्रज्ञाची, म्हणजे कवळ्या बनवणाऱ्याची गोष्ट आली. तो जुन्जी इतो. जन्म 1963 चा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोष्टीला युद्धाचा धागा जोडणं ओढूनताणून होईल. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टचाही त्याच्यावर मोठा प्रभाव आहे. पण त्याची एक छोटी गोष्ट मी फौजी म्हणूनच वाचली, दुसरी वाट मला दिसलीच नाही. ती आहे आमिगारा डोंगराची.

भूकंपानंतर डोंगराचा एक कडा उघडा पडतो. त्यावर माणसाच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात. बातमी टीव्हीवर येते आणि लांबलांबून माणसं येऊ लागतात. कारण प्रत्येकाला त्यात आपल्या मापाचं एक भोक दिसलेलं असतं. मग ती कपडे उतरवून आत शिरतात. कुणी ढकलत नाही, कुणी बोलावत नाही. आत भोक अरुंद आणि वेडंवाकडं होत जातं. मागे फिरता येत नाही. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही.

आपल्या मापाचं भोक म्हणजे काय, हे फौजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गणवेश मापाचा असतो, जागा ठरलेली असते, आणि तिथे आपणच जायचं असतं. मी आयुष्यभर हुकूम पाळले आहेत आणि दिलेही आहेत. शिस्तीवर माझा आजही विश्वास आहे, तिच्याशिवाय पलटण चालत नाही. पण हुकूम माणसाच्या मापाचा घडवला जातो आहे, की माणसाला हुकुमाच्या मापाचं केलं जातं आहे, हा प्रश्न ज्या सैन्यात कुणी विचारत नाही, तिथे ग्योकुसाईसारखे शब्द जन्माला येतात.

आता या गोष्टी हाताला का चिकटतात, त्याची एक साधी युक्ती सांगतो. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. इतो सगळ्यात भीषण चित्र बऱ्याचदा पान उलटल्यावर येईल असं ठेवतो. सिनेमात भूत आपसूक समोर येतं, आपण डोळे मिटू शकतो. इथे पान आपल्यालाच उलटावं लागतं. आत काय आहे याचा अंदाज असतो, तरी बोट पुढे जातं. म्हणजे वाचकही आपल्या मापाच्या भोकात स्वतःच्या पायांनी शिरतो. या ओढीतच त्या कथेची सगळी ताकद आहे.

आपल्या फौजेतही मेलेल्या जवानांच्या गोष्टी आहेत. नथू ला भागात बाबा हरभजनसिंग यांचं मंदिर आहे. 1968 मध्ये ते कर्तव्यावर असताना गेले, पण अजून सीमेवर पहारा देतात अशी जवानांची श्रद्धा आहे. त्यांचा बिछाना घातला जातो, बूट चमकवले जातात. मी त्या श्रद्धेचा मान राखतो. तिथे मेलेला माणूस आपल्या बाजूने उभा असतो, म्हणून थंडीत एकट्याने पहारा देणाऱ्याला धीर येतो. मिझुकीचे मेलेले सैनिक धीर देत नाहीत. ते फक्त विचारतात, आम्ही कशासाठी मेलो?

दोन्ही गोष्टी सैन्याला लागतात, असं माझं मत आहे. पहिली पहारा निभावून नेते. दुसरी पुढच्या अधिकाऱ्याला हुकूम देण्याआधी क्षणभर थांबवते. भीती वाटते असं म्हणायची सोय गणवेशात नसते. जपानने ती सोय भाड्याच्या स्वस्त पुस्तकांत केली, एका हाताच्या शिपायाने केली. म्हणून घरातली मुलं हे वाचताना दिसली तर ‘काय ही घाण’ म्हणून पुस्तक हिसकावू नका. एक गोष्ट तुम्हीही वाचा, आणि मग त्यांना विचारा, कुणीच ढकलत नसताना ती माणसं आत का गेली? त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं असेल.

जय हिंद.